लेवीय, अध्याय ३: देवाच्या वाट्याला चरबीच का?

कोरडी_भाकर

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी स्वतःशीच पैज लावून बायबलचा जुना करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला. उत्पत्ति झालं, निर्गम झालं आणि लेवीयला चाक रुतलं.

तिसऱ्या अध्यायात शांत्यर्पणाचा विधी आहे. बैल, मेंढरू नाहीतर बकरं कापायचं, रक्त वेदीभोवती शिंपडायचं आणि मग वेदीवर काय जाळायचं त्याची यादी: आतड्यांवर पसरलेली चरबी, आतड्यांना चिकटलेली चरबी, दोन्ही गुर्दे, त्यांच्यावरची कमरेजवळची चरबी आणि कलेजीचा एक पाळ. मेंढरू असेल तर अख्खी शेपटी, कण्याला लागून कापलेली. शेवटी ठणकावून सांगितलंय, सगळी चरबी परमेश्वराची. चरबी आणि रक्त तुम्ही पिढ्यानपिढ्या खायचं नाही.

मांस मात्र माणसांनी खायचं!

आता आमचा रविवार सांगतो. मटणवाल्यासमोर उभं राहून मी दर वेळी एकच वाक्य म्हणतो, "चरबी काढून दे रे." तो गुर्द्यावरची पांढरी टोपी एका झटक्यात उतरवतो आणि मागच्या टोपल्यात भिरकावतो. म्हणजे जे मी टोपल्यात टाकायला लावतो ते देवाला, आणि मांडी-चापा-सीना भक्तांना? देवाला सरळसरळ गंडवलंय की माझ्या डोक्यात काही शिरत नाहीये?

भोचक_भवानी

गंडवलंयच. ग्रीकांनी तर ते उघड कबूल केलंय. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात प्रोमिथिअस बैलाचे दोन वाटे करतो. एकीकडे चांगलं मांस, पण वर बैलाचं पोट पांघरलेलं. दुसरीकडे नुसती हाडं, पण वर लखलखीत चरबी. देवांचा राजा झ्यूस चरबीचा वाटा उचलतो आणि म्हणून माणसं तेव्हापासून देवांसाठी हाडं जाळतात. देवाला धूर, आपल्याला रस्सा. नैवेद्य दाखवून ताट घरी आणतो त्यातलाच प्रकार.

मंजूषा_ठाणे

भवानीताई, तुमच्याच गोष्टीत तुमचं उत्तर आहे. झ्यूस फसला तो कशाला भुलून? वर चरबी दिसली म्हणून. म्हणजे चरबी हे आमिष होतं, कचरा होती ती आतली हाडं. त्या काळच्या ऐकणाऱ्याला चरबीचा वाटा हाच चांगला वाटा हे सांगावंच लागत नव्हतं.

भाकर, तुमच्या गोंधळाचं मूळ मराठी शब्दात आहे. "चरबी" म्हटलं की आपल्याला एकतर वाढलेलं पोट आठवतं नाहीतर माज. हिब्रूत शब्द आहे खेलेव. तो प्राण्याच्या आतल्या चरबीला तर वापरतातच, पण कशातलंही उत्तम दाखवायलाही वापरतात. उत्पत्तिमध्ये फारो योसेफाच्या भावांना बोलावतो तेव्हा मिसर देशाचं "खेलेव" खा म्हणतो. गणनामध्ये तेलाचं, द्राक्षारसाचं, धान्याचं खेलेव याजकांना द्यायचं आहे; तिथे चरबीचा संबंधच नाही, पहिल्या प्रतीचा माल एवढाच अर्थ. अनुवादच्या ३२व्या अध्यायात तर "गव्हाच्या गुर्द्यांची चरबी" असा शब्दप्रयोग आहे! गव्हाला कुठले गुर्दे? पण सगळ्यात भरलेला, टपोरा दाणा सांगायला कवीला हीच उपमा सुचली. आपण मलई म्हणतो, लोणी म्हणतो, तशातलं.

हाबेलाचं अर्पण आठवा. कळपातले पहिलटकर आणि त्यांची चरबी. काइनाने "जमिनीच्या उपजातलं काही" आणलं. गोष्ट सांगणाऱ्याने काइनाच्या धान्याला एकही विशेषण दिलेलं नाही.

आणि गंडवण्याचा मुद्दा एका झटक्यात निकालात काढणारी जागा चौथ्या अध्यायात आहे. तुम्ही तिथवर पोचला नसाल म्हणून सांगते. अभिषिक्त याजकाच्या हातून पाप घडलं तर गोऱ्हा अर्पायचा. त्याचं कातडं, सगळं मांस, डोकं, पाय, आतडी आणि शेण छावणीबाहेर, राख टाकतात त्या जागी नेऊन जाळायचं. वेदीवर काय जातं? तीच यादी: चरबी, गुर्दे, कलेजीचा पाळ. अख्खा बैल बाहेर आणि चरबी तेवढी आत. कचरा देवाला द्यायचा असता तर हे नेमकं उलटं झालं असतं.

कोरडी_भाकर

हे पटलं. चौथा अध्याय वाचला होता, पण डोळ्यांनी नुसता. म्हणजे मी यादी बघत होतो आणि वाटा कुठे जातो ते बघतच नव्हतो.

खाटकाचा_नातू

मला हिब्रू येत नाही, पण जनावर आतून माहीत आहे. आजोबांच्या दुकानात दहावीपर्यंत हाताखाली होतो.

पहिली गोष्ट, ही यादी ज्याने लिहिली त्याने स्वतः जनावर फाडलेलं आहे किंवा फाडताना जवळ उभा राहिलेला आहे. पोट उघडलं की पहिली दिसते ती चरबीची जाळी. लेसच्या पडद्यासारखी, आतड्यांवर अंथरलेली. हातात धरून उचलली तर पलीकडचं दिसतं. मग आतड्यांना लागलेली. मग हात खाली कमरेत गेला की गुर्दे, चरबीत बुडालेले. यादीचा क्रम हाच आहे. बाहेरून आत.

दुसरी गोष्ट, बोकडाच्या पाठीवर, कातड्याखाली चरबी फारशी नसतेच. बकरं चरबी साठवतं ते पोटात, आतड्यांवर आणि गुर्द्यांभोवती. उन्हाळ्यात उपाशी फिरलेलं जनावर उघडा, गुर्दे उघडे पडलेले असतात. चारा मिळालेलं उघडा, गुर्दा शोधावा लागतो. आजोबा गिऱ्हाइकाला "माल कसा आहे" हे गुर्द्याकडे बोट करून दाखवायचे. तेव्हा मेंढपाळाने देवापुढे ही चरबी ठेवणं म्हणजे वर्षभराचा पाऊसपाणी, चारा, राखण सगळं ठेवणं. मांस रोडक्या जनावरालाही असतं.

शेपटीचं म्हणाल तर तिथली मेंढी म्हणजे आपल्याकडे बकरी ईदला येतो तो दुंबा. शेपटी नव्हे, मागे लोंबणारी चरबीची उशी.

मंजूषा_ठाणे

नातू, हे मला कुठल्याही भाष्यात एवढं स्वच्छ मिळालं नव्हतं. शेपटीवरून एक गंमत: ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अरबस्तानातल्या मेंढ्यांबद्दल लिहिलंय की शेपट्या एवढ्या लांब की जमिनीवर घासून जखमा होऊ नयेत म्हणून धनगर त्यांना खाली छोटे गाडे बांधतात. थाप वाटते ना? पण ज्यूंच्या मिश्ना ग्रंथात, शब्बाथच्या दिवशी जनावरांनी अंगावर काय घेऊन बाहेर जाऊ नये त्याच्या यादीत, "शेपटीखालचा गाडा लावलेले एडके" आहेत. ज्याला नियम करावा लागतो ते कुणीतरी करत असणार.

निरोगी_निशिकांत

सगळे एवढे खोलात का शिरताय? साधं आरोग्यशास्त्र आहे. वाळवंटी प्रदेश, उष्णता, जड चरबी पचत नाही, कोलेस्टेरॉल. पूर्वजांना सगळं माहीत होतं, धर्माच्या नावाने सांगितलं म्हणून लोकांनी ऐकलं.

मंजूषा_ठाणे

निशिकांत, तुमच्याआधी आठशे वर्षं हेच एका मोठ्या माणसाने म्हटलंय. मायमोनिडीस, १२व्या शतकातला तत्त्वज्ञ आणि पेशाने वैद्य. त्याच्या मते आतड्यांवरची चरबी पोटाला तडस लावते, पचन बिघडवते, रक्त थंड आणि दाट करते, जाळलेलीच बरी.

पण लेवीयचा सातवा अध्याय बघा. मनाई बैल, मेंढरू आणि बकरं या तिघांच्याच चरबीला आहे. हरणाची तीच चरबी, त्याच जागेवरची, ज्यू परंपरेत खायला चालते. हरणाची चरबी काय पचायला हलकी असते? हे तिघे वेदीवर जाणारे प्राणी, हरीण वेदीवर जात नाही, फरक एवढाच. आणि आपोआप मेलेल्या जनावराची चरबी इतर कामांना वापरा म्हणून तिथेच परवानगी आहे, फक्त खायची नाही. म्हणजे ती घाण मानलेली नाही, तुमच्या तोंडाची नाही एवढंच. देवाच्या ताटातलं उचलू नये, हा नियम आहे. पथ्य नव्हे.

निरोगी_निशिकांत

हरणाचं माहीत नव्हतं. तरी कोलेस्टेरॉल वाईटच.

भोचक_भवानी

😂

शनवारचा_तेली

नमस्कार. अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, मुक्काम इस्राएलमधलं अश्दोद. इथे नुसता वाचक असतो, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी आमच्यात आख्यायिका. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या आम्हा लोकांचा आणि चरबीचा तसा छत्तिसाचा आकडा, हा माझ्या वडिलांचा आवडता विनोद.

आजी मटण नारळाच्या दुधात करायची, कारण मांसाला दूध-दही-तूप लागता कामा नये. घरात आलेलं मटण ती ओट्यावर न घेता पाटावर घ्यायची आणि चष्मा लावून, सुरीच्या टोकाने, पांढरं काहीतरी सोलत बसायची. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, अजून किती?" ती म्हणायची, "आपलं नाही ते. आपलं नाही ते ठेवायचं नाही." कुणाचं ते तिने कधी सांगितलं नाही. खेलेव हा शब्द तिला येत होता असंही वाटत नाही. मला तो इथे आल्यावर कळला, त्या सोलण्याच्या कामाला निक्कूर म्हणतात हेही. मांडीतली ती शीरही काढावी लागते, याकोबाची देवाशी कुस्ती झाली तेव्हाची. हे काम इतकं किचकट आहे की बऱ्याच देशांतले कोशर, म्हणजे ज्यू नियमांनी मांस विकणारे, खाटीक मागचा अर्धा भाग विकायच्या भानगडीतच पडत नाहीत.

एक दुरुस्ती. "सगळी चरबी" म्हणजे अक्षरशः सगळी नव्हे. मांसाच्या धाग्यांत मिसळलेली चरबी, तिला शुमान म्हणतात, ती खुशाल खातो. मनाई आहे ती आतल्या, सुट्या चरबीला.

शेपटीवरून तर आमच्यात भांडणच झालं. रब्बींचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, म्हणणं, यज्ञाच्या मेंढराची शेपटी वेदीवर जाते हे खरं, पण घरी कापलेल्या मेंढराची खायला हरकत नाही, कारण बैलाला आणि बकऱ्याला तशी शेपटीच नसते. रब्बींची परंपरा न मानणारा ज्यूंचा कराइट पंथ म्हणाला, लेवीयमध्ये शेपटीला चरबीतच धरलंय, मग ती खाणं हराम. शेकडो वर्षं वाद. एका शेपटीवरून माणसं एकमेकांच्या घरी जेवेनाशी होतात हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पंतोजी

वैदिक कर्मकांडाची ज्यांना ओळख आहे त्यांना एक शब्द आठवला असेल: वपा. पशुयागात पशूच्या पोटातली ती जाळी, नातूंनी वर्णन केली तीच, सगळ्यांत आधी काढतात. वपाश्रपणी नावाच्या दोन काटक्यांवर पसरून अग्नीवर धरतात आणि तिची आहुती मांसाच्या आधी पडते. कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाही, म्हणू नये. पोट उघडलं की जे पहिलं हाताला लागतं ते पहिलं देवाला, एवढं दोन्हीकडे सुचायला एकमेकांची ओळख असावी लागत नाही.

कलेजीच्या पाळाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. बाबिलोनमध्ये मेंढीच्या कलेजीवर भविष्य पाहायचे. तिच्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला नाव, प्रत्येक खाचेला अर्थ. खुद्द इस्राएलमध्ये हासोर इथे उत्खननात मातीच्या कलेज्या सापडल्या आहेत, त्यांवर कीलाक्षरात शकुन. यहेज्केलच्या २१व्या अध्यायात बाबिलोनचा राजा फाट्यावर उभा राहून कलेजी पाहतो. म्हणून काही अभ्यासकांचा तर्क असा की भविष्य सांगणारा तो नेमका पाळच आगीत टाकायला लावला, पाहायला काही शिल्लकच ठेवलं नाही. तर्कच आहे, पण सुंदर आहे.

मंजूषा_ठाणे

पंतोजी, गुर्द्यांचं पण तसंच. हिब्रू माणसाची सदसद्विवेकबुद्धी गुर्द्यात असते. यिर्मया देवाला "गुर्दे आणि हृदय पारखणारा" म्हणतो. मराठीत वाचताना तिथे आपल्याला गुर्दा सापडत नाही, अंतर्याम वगैरे सभ्य शब्द येतो आणि वेदीवरच्या गुर्द्याशी असलेलं नातं तुटतं.

आणि खेलेवला काळी बाजूही आहे. ११९व्या स्तोत्रात गर्विष्ठांचं हृदय चरबीसारखं जड झालंय. "चरबी चढली" आपण म्हणतो त्याच्या अगदी शेजारचं. शास्तेमध्ये मवाबचा राजा एग्लोन इतका लठ्ठ की एहूदने खुपसलेली तलवार मुठीसकट आत गेली आणि वर चरबी मिटली. तिथे शब्द खेलेवच. वेदीवर जायची वस्तू राजाच्या पोटात. लिहिणाऱ्याने हसत हसत लिहिलं असणार असा मला दाट संशय आहे. एग्लोन या नावातच हिब्रूतलं वासरू ऐकू येतं.

भोचक_भवानी

बरं, चरबी उत्तम, मान्य. पण मग भक्ताने ती खाल्ली तर काय बिघडलं? शिक्षा काय होती?

शनवारचा_तेली

लोकांतून उच्छेद. हिब्रूत कारेत. रक्त खाण्याला जी शिक्षा तीच.

गोष्ट हवी असेल तर पहिलं शमुवेल, दुसरा अध्याय काढा. शिलोचं मंदिर, म्हातारा याजक एली आणि त्याची दोन उनाड पोरं, हफनी आणि फिनहास. लोक यज्ञ करायला आले की याजकाचा गडी तीन दातांचा काटा घेऊन येई, शिजत्या भांड्यात खुपसे आणि काट्याला लागेल ते घेऊन जाई. हे एक वेळ चाललं असतं. पण पुढे तो चरबी जाळायच्या आधीच यायला लागला: कच्चं दे, याजकाला भाजायला हवंय. गरीब भक्त म्हणतो, आधी चरबी तर जळू दे, मग हवं ते घे. गडी म्हणतो, नाही, आत्ता दे, नाहीतर हिसकावून घेईन.

त्या भक्ताचं वाक्य मला फार आवडतं. त्याला स्वतःच्या मांसाची फिकीर नाही, "हवं ते घे" म्हणतो. रांग मोडू नको एवढंच मागणं. आधी त्याचं, मग तुझं, मग माझं.

कोरडी_भाकर

हे वाचून परत मागे गेलो. भवानीताईंचा "देवाला धूर" मात्र डोक्यातून जात नाही. वेदीवर नुसती चरबी टाकली तर धुराचा लोळ उठत असणार.

खाटकाचा_नातू

धूर तर उठणारच, पण ज्वाळाही. नुसतं ओलं मांस आगीवर टाका, चुरचुरत बसतं, आग दडपतं. चरबी पडली की भडका. वेदी पेटती ठेवायची तर चरबीसारखं सरपण नाही.

पंतोजी

याला दगडातला पुरावा आहे. नेगेवच्या वाळवंटात तेल अराद इथे यहुदाच्या राज्याचा किल्ला होता, त्यात छोटं मंदिर. १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांच्या उत्खननात गाभाऱ्याच्या दाराशी चुनखडीच्या दोन वेद्या मिळाल्या, जेमतेम गुडघ्याएवढ्या. वर काळपट थर चिकटलेला. त्या थराचं रासायनिक पृथक्करण २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या वेदीवर ऊद, म्हणजे येशूच्या जन्माच्या गोष्टीत मागी लोक आणतात तोच, आणि त्यात मिसळलेली जनावराची चरबी. उदाला नीट आच मिळून वास दरवळावा म्हणून. धाकट्या वेदीवर शेणात मिसळलेला गांजा! ख्रिस्तपूर्व ८व्या शतकातली गोष्ट. या वेद्या धुपाच्या, बळीच्या नव्हेत, हे लक्षात ठेवावं. तरी सत्तावीसशे वर्षांनी दगडावर चरबी हाती लागते म्हणजे काय.

भोचक_भवानी

गांजावर वेगळा धागा काढा पंतोजी, मी येते.

मंजूषा_ठाणे

चरबीच्या राखेला हिब्रूत देशेन म्हणतात आणि देशेनचा दुसरा अर्थ सुबत्ता, स्निग्धता. वेदीवरून रोज सकाळी उपसायची ती ही तुपकट राख.

आणखी एक, भाषेची हौस असलेल्यांसाठी. हिब्रूत मूळ लिखाणात स्वरचिन्हं नव्हती. खेलेव म्हणजे चरबी आणि खालाव म्हणजे दूध, दोन्ही लिहायची अक्षरं तीच तीन. "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको" ही प्रसिद्ध आज्ञा निर्गमच्या २३व्या अध्यायात आहे आणि तिच्या लगेच आधीचं वचन सणाच्या बळीची चरबी सकाळपर्यंत ठेवू नका असं सांगतं. त्यामुळे तिथे दूध नसून "आईच्या चरबीत" असं वाचावं, असंही काहींनी सुचवलंय. मला पटत नाही, पण तेलीसाहेबांच्या आजींचं नारळाचं दूध या तीन अक्षरांच्या उच्चारावर उभं आहे याची मौज वाटते.

शनवारचा_तेली

आजीला सांगितलं असतं तर तिने मलाच पाटावर घेतलं असतं. :)

"सकाळपर्यंत" वरून आठवलं. मिश्नाचं पहिलंच पान: रात्रीची शमा प्रार्थना किती वाजेपर्यंत म्हणता येते? त्याच्या उत्तरात रब्बान गमलिएल दाखला देतात की चरबी आणि अवयव वेदीवर जाळण्याची मुदत पहाट फुटेपर्यंत असते. मिश्ना ग्रंथबद्ध झाली तेव्हा जेरुसलेमचं मंदिर पडून शतक उलटून गेलं होतं, इ.स. ७० नंतर वेदीच नाही. तरी प्रार्थनेचं घड्याळ त्या चरबीवर लावलेलं.

आणि तालमूद या ज्यू धर्मग्रंथामध्ये राव शेशेत नावाच्या पंडिताची प्रार्थना आहे, उपासाच्या दिवसाची. तो म्हणतो: मंदिर होतं तेव्हा पाप झालेला माणूस बळी आणायचा आणि त्यातली फक्त चरबी आणि रक्त अर्पण व्हायचं. आज मी उपास केला, माझीच चरबी आणि माझंच रक्त कमी झालं. हे मी वेदीवर ठेवलं असं समजून घे.

भोचक_भवानी

गंडवलंय हे मी मागे घेते.

कोरडी_भाकर

आज रविवार. मटणवाल्याला म्हटलं, चरबी काढू नको, गुर्द्यासकट दे, आणि सीन्याचा एक तुकडा वेगळा दे. तो दोनदा बघत राहिला.

घरी आणून ताटात शेजारी शेजारी ठेवले. तेलीदादांना निरोप करून विचारलं होतं की आजी ओळखायच्या कशा. त्यांनी तालमूदमधल्या तीन खुणा कळवल्या: खेलेव चादरीसारखं पसरलेलं असतं, वर पातळ पापुद्रा असतो आणि ते सोलून निघतं.

गुर्द्यावरची चरबी हातात घेतली. मेणासारखी घट्ट, कोरडी, पांढरी. नखाने कडेला उचकटलं तर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा एक पडदा सरकन निघून आला आणि त्याच्यामागून अख्खी चरबी, एकाच तुकड्यात. आत गुर्दा लालबुंद, ओला, कुठेही न खरचटलेला. मग सीन्याचा तुकडा घेतला. त्यातली चरबी सुरीने काढायला गेलो तर प्रत्येक वेळी मांस सोबत आलं. दहा मिनिटं झटापट केली, निघाली नाही.

सीना रश्शात टाकला. गुर्द्याची चरबी वाटीत ठेवली आहे. बायको दोनदा विचारून गेली, हिचं काय करायचं आहे.